सेझ, सातबारा आणि आपलं गाव : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सेझवर प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं. विशेष आर्थिक क्षेत्र हे त्याचं सरकारी नाव, म्हणजे निर्यातीच्या उद्योगांना करसवलती देणारा वेगळा आखलेला इलाखा, पण पेणपासून सावंतवाडीपर्यंत कुणीही त्याला सेझच म्हणतो, तर आपणही सेझच म्हणू. पत्रं आली, व्हॉट्सॲपवर मेसेज आले, दोघांनी तर लांबलचक व्हॉइस नोट पाठवल्यात. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, सेझच्या वेळी मी सातवीत होतो. वडील प्रत्येक मोर्चाला जायचे, घरात भाकऱ्या बांधून ठेवलेल्या असायच्या. जमीन राहिली, त्याचा अभिमान आहेच. पण आज त्याच जमिनीत खारं पाणी शिरलंय, चार वर्षं भात लावलेला नाही, आम्ही दोघे भाऊ कळंबोलीला गोडाउनमध्ये कामाला जातो. गावातली पोरं आता उघड बोलतात की तेव्हाच देऊन टाकली असती तर सुटलो असतो. वडिलांसमोर हा विषय काढता येत नाही. आमचं चुकलं का? (पेण तालुका)

दादा, तुमच्या वडिलांचं चुकलं नाही. का ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या वयाच्या पोरांपुढे त्या वेळचा हिशोब कुणी मांडलेलाच नाही, फक्त घोषणा आणि फोटो तेवढे राहिलेत.

सेझचा कायदा २००५ चा, लागू झाला १० फेब्रुवारी २००६ ला. त्याच सुमारास पेण, उरण, पनवेल या तीन तालुक्यांतल्या ४५ गावांची मिळून साधारण १० हजार हेक्टर जमीन एका महामुंबई सेझसाठी घ्यायचं ठरलं. आणि ती घ्यायची कशी, तर १८९४ च्या इंग्रजांच्या भूसंपादन कायद्याने. म्हणजे कंपनी खासगी, फायदा खासगी, पण नोटीस सरकारची आणि कारण काय तर सार्वजनिक हित. शेतकऱ्याने हो म्हणायची त्या कायद्यात गरजच नव्हती, फक्त हरकत नोंदवायची आणि भाव सरकार सांगेल तो. लोकांचा राग यावर होता. कारखाना नको म्हणून कुणी भांडत नव्हतं, डोलवीचा पोलादाचा कारखाना, थळचा खताचा कारखाना हे सगळं आपल्याच लोकांच्या जमिनीवर उभं आहे की.

२००७ च्या एप्रिलमध्ये केंद्राने एका सेझला ५ हजार हेक्टरची मर्यादा घातली, ती देशभरातल्या विरोधामुळे, मार्चमध्ये पश्चिम बंगालच्या नंदीग्राममध्ये १४ माणसं गोळीबारात गेली होती. मग २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत जनमत घेतलं गेलं. सरकारनेच शेतकऱ्याला विचारलं की जमीन द्यायची का, असं आपल्याकडे आधी कधी ऐकलं नव्हतं. निकाल मात्र सरकारने अधिकृतपणे जाहीर केला नाही. शेकापचे नेते एन. डी. पाटील, कार्यकर्त्या उल्का महाजन आणि गावोगावचे लोक धरून बसले, आणि जुन्याच कायद्यात जी एक गोष्ट शेतकऱ्याच्या बाजूची होती ती कामाला आली, घोषणेपासून दोन वर्षांत निवाडा झाला नाही तर संपादन रद्द होतं. ती मुदत निघून गेली.

आता दिली असती तर काय झालं असतं? शेजारी बघा. नवी मुंबई सेझसाठी द्रोणागिरी, उलवे, कळंबोलीच्या जमिनी सिडकोकडे, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाकडे, आधीपासून होत्याच, म्हणजे तिथे संपादनाची अडचण नव्हती, कुणी रस्ता अडवला नव्हता. तरी वर्षानुवर्षं तिथे सेझ म्हणावं असं काही उभं राहिलं नाही आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने त्याचं एकात्मिक औद्योगिक क्षेत्र करायला परवानगी दिली. देशाचं चित्रही असंच. कॅगचा, म्हणजे सरकारचे हिशोब तपासणाऱ्या यंत्रणेचा, २०१४ चा अहवाल आहे, त्यात सेझ म्हणून अधिसूचित झालेल्या ४५,६३५ हेक्टरपैकी काम सुरू झालेली जमीन २८,४८८ हेक्टर. महाराष्ट्र धरून सहा राज्यांत ५,४०२ हेक्टर सेझमधून काढून दुसऱ्या व्यापारी वापराकडे वळली. रोजगाराची आश्वासनं आणि प्रत्यक्ष रोजगार यात तपासलेल्या ठिकाणी ६५ ते ९६ टक्के तूट. म्हणजे तुमची जमीन गेली असती, पैसे आले असते, त्यातून घर आणि एक गाडी झाली असती, आणि जमिनीवर बहुतेक पत्र्याचं कुंपण आणि आत गवत राहिलं असतं. हे अंदाजाने बोलतेय, पण शेजारचं उदाहरण समोर ठेवून बोलतेय.

आता तुमच्या खाऱ्या पाण्याचं. हे दुखणं वेगळं आहे आणि ते सेझच्या हिशोबात मिसळू नका. माझं माहेर खारेपाटातलं. उधाणाच्या रात्री वडील कंदील घेऊन बांधावर जायचे, कुठे खांड गेली की हाक यायची आणि घरटी एक माणूस चिखल-पेंढा घेऊन धावायचा, मध्यरात्री असो की पहाट. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी कुणी टाकायची, कुणी काढायची हे ठरलेलं असायचं. तो बांध माणसांमुळे उभा होता. पुढे खारभूमी विभागाकडे काम गेलं, माणसं नवी मुंबईला कामाला लागली, बांधावर जायला घरात कुणी उरलं नाही आणि विभागाचा निधी येतो तेव्हा पावसाळा लागलेला असतो. धरमतर खाडीत बार्जची ये-जा वाढली, तिच्या लाटांनी बांध धुपतात अशी किती गावांची तक्रार आहे. हेटवण्याचं पाणी नवी मुंबईला पाइपाने गेलं आणि आपल्या गावांचे कालवे अर्धवट राहिले. हीच ती २२ गावं, लाभक्षेत्र म्हणून ज्यांचं नाव जनमताच्या कागदावर होतं त्यांना लाभाचं पाणीच नाही!

तर माझं म्हणणं असं आहे की वडिलांच्या पिढीने जमीन वाचवली आणि सगळे दमून घरी गेले, बांध आणि पाणी यांची लढाई राहून गेली. ती आता तुमच्याकडे आलीये, आणि ती अवघड असली तरी अशक्य नाही. एकट्याने अर्ज करू नका, ज्या ज्या शेतकऱ्यांचं त्या एका खारबंदिस्तीत क्षेत्र आहे त्यांची गटनंबरांसकट यादी करा, ग्रामसभेचा ठराव जोडा आणि दिवाळीच्या आत खारभूमी विभागाला द्या म्हणजे उन्हाळ्यात काम निघायला वेळ राहतो. बांध बसला की पहिल्याच वर्षी जया-रत्ना लावू नका, पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या खारपट सोसणाऱ्या भाताच्या जाती आहेत, त्या मागा. जिताड्याच्या तळ्याचाही विचार करा, आपल्याकडच्या जिताड्याला पेण-अलिबागच्या बाजारात काय मान आहे ते तुम्हाला सांगायला नको. आणि वडिलांशी बोला. बांधाचा विषय काढा, सेझचा नको, बघा ते कसे बोलायला लागतात.

प्रश्न : सेझ आणि एमआयडीसी यात फरक काय? आमच्याकडे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. (माणगाव)

एमआयडीसी म्हणजे राज्याच्या १९६१ च्या कायद्याखालची औद्योगिक वसाहत, तिथला माल आणि शेजारच्या गावातला माल यात कायद्याला फरक दिसत नाही. सेझ मात्र जकातीच्या हिशोबाने परदेश धरतात. सेझमधून बाहेर आपल्याच देशात माल विकला तर आयात केल्यासारखी ड्युटी भरायची, देशातून सेझच्या आत माल गेला तर ती निर्यात. निर्यात वाढावी म्हणून ही सोय, १९६५ ला कांडल्याला सुरू झाली, मग १९७३ ला अंधेरीत सीप्झ. युनिटला पहिली ५ वर्षं निर्यातीच्या नफ्यावर पूर्ण आयकर माफ, पुढची ५ वर्षं निम्मा. २०११ पासून मॅट, म्हणजे सवलत असली तरी भरावा लागणारा किमान कर, लागला आणि नवीन युनिटसाठी ही सवलत २०२० मध्ये बंद झाली, तसतशी सेझची हवाही उतरली. माणगावकरांनी एवढं लक्षात ठेवा की तुमच्या भागात दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राचं जे काम चाललंय ते दिल्ली-मुंबई कॉरिडॉरमधलं आहे, त्याला सेझ म्हणून अर्ज-हरकती केल्यात तर कागद चुकीच्या टेबलावर जाईल.

प्रश्न : आम्ही उरणचे. जमीन सिडकोला गेली, उरलेली बंदराला. आता बंदराच्या सेझमध्ये नोकऱ्या आहेत म्हणतात, मुलाने आयटीआय केलंय, पण जिथे जावं तिथे कंत्राटदार उभा. ८० टक्के स्थानिकांना घ्यायचा नियम आहे ना? मग आमची पोरं का नाहीत? (उरण)

तुमचा प्रश्न वाचून वाईट वाटलं, कारण या भागाने १९७० पासून दिलंय. ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तानला पाच माणसं गोळ्यांनी गेली, दि. बा. पाटलांनी जन्म घालवला, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचं तत्त्व आलं. जेएनपीटीचं बंदर १९८९ ला सुरू झालं. बंदराचा सेझ २७७ हेक्टरचा, बंदराच्या स्वतःच्या ताब्यातल्या जमिनीवर, म्हणून त्याच्यासाठी नवीन संपादन झालं नाही आणि गडबडही झाली नाही.

आता ८० टक्क्यांचं. तो नियम आहे, राज्याच्या सवलती घेणाऱ्या उद्योगांसाठी आहे, पण त्यातला स्थानिक म्हणजे उरणचा असं कुठेही लिहिलेलं नाही. महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला माणूस स्थानिक. म्हणजे लातूरचा मुलगा, नागपूरचा मुलगा, सगळे त्यात बसतात, आणि त्यांनाही काम हवंच आहे, त्यांच्यावर राग धरून उपयोग नाही. कंपनीने आकडा दाखवला की नियम पाळला गेला. प्रकल्पग्रस्त म्हणून वेगळा हक्क हवा असेल तर तो जमीन देतानाच्या करारात किंवा पॅकेजमध्ये लिहिलेला असावा लागतो, किती जागा, कोणत्या कामाला, कायम की कंत्राटी, ट्रेनिंग कोण देणार आणि किती वर्षांत. ‘प्राधान्य दिले जाईल’ या तीन शब्दांवर आपल्या दोन पिढ्या बसून राहिल्यात.

मुलापुरतं सांगायचं तर त्याला प्रकल्पग्रस्ताचा दाखला काढून ठेवायला सांगा. फिटर किंवा इलेक्ट्रिशियन असेल तर त्यावर रीच स्टॅकर (कंटेनर उचलणारं यंत्र), फोर्कलिफ्ट यांचं लायसन्स जोडा, कस्टम क्लिअरिंगच्या कागदपत्रांचा कोर्स जोडा, कारण गोडाउन आणि कंटेनर यार्ड हेच इथलं काम आहे. कंत्राटात लागला तरी पीएफचा यूएएन नंबर आणि ईएसआय कार्ड पहिल्या महिन्यात हातात घ्यायचं. बऱ्याच जणांना वाटतं सेझमध्ये कामगार कायदे लागतच नाहीत, ते चूक आहे. युनियन, पीएफ, भरपाई, बाळंतपणाची रजा यांना सेझ कायद्याखाली सूट देता येत नाही, कलम ४९ मध्येच तसं आहे. फक्त तक्रार ऐकणारा अधिकारी बऱ्याचदा सेझचा कारभार बघणाऱ्या विकास आयुक्तांच्या ऑफिसातला असतो, म्हणून माणसं हेलपाटे घालतात.

प्रश्न : मी गुहागरचा, डोंबिवलीत राहतो. चीनने शेन्झेनला सेझ केलं आणि मासेमारांच्या गावाचं शहर झालं. आमच्या कोकणात मात्र काहीही आलं की विरोध. असं किती दिवस चालणार? मग पोरं मुंबईलाच येणार ना? (डोंबिवली)

पोरं मुंबईला येतात हे दुःख माझंही आहे, माझा धाकटा भाऊ विरारला असतो, त्यामुळे तुमची तळमळ कळते. पण दोन गोष्टी तपासून बघा.

पहिली, कोकणाने काहीही येऊ दिलं नाही हे खरं नाही. तळोजा, पाताळगंगा, रसायनी, रोहा, महाड, लोटे, थळ, डोलवी, जेएनपीटी, कोकण रेल्वे, एवढं सगळं आपल्याच पट्ट्यात आहे. लोट्याची वसाहत झाली तेव्हा लोकांनी जमीन दिली, पुढे रसायनांचं पाणी खाडीत आलं आणि दाभोळ खाडीतले भोई-खारवी वर्षानुवर्षं मेलेले मासे घेऊन तक्रारी करतायत. तुमच्या गुहागरहून ही खाडी लांब नाही. ज्याने हे डोळ्यांनी बघितलं तो पुढच्या प्रकल्पाला प्रश्न विचारणारच.

दुसरी, शेन्झेन. १९८० मध्ये चीनने फक्त चार ठिकाणं निवडली, शेन्झेन, झुहाई, शान्तोऊ, शियामेन, आणि शेन्झेनचं नशीब म्हणजे पलीकडे हाँगकाँग. तिथले कारखानदार जागा आणि मजूर शोधत होतेच, ते नदी ओलांडून आले. आपण काय केलं, कायदा झाल्यावर पहिल्या दोन-अडीच वर्षांत देशभर ४०० च्या वर मंजुऱ्या दिल्या. त्यातही बरेच सेझ आयटीचे आणि ते पुणे, बेंगळुरू, हैदराबाद, चेन्नई अशा आधीच भरलेल्या शहरांजवळ. मागे पडलेला प्रदेश पुढे येईल ही जी आशा होती ती यात कुठे बसते? शेन्झेनच्या मूळ गावकऱ्यांबद्दल आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही. गावांनी स्वतःच्या सामूहिक कंपन्या काढल्या, उरलेल्या गावठाणावर भाड्याच्या चाळी उभ्या केल्या, कारखान्यांना गाळे दिले आणि शहराच्या वाढीतला वाटा दर महिन्याला घेत राहिले. त्यांच्या पिढीला एकदाच चेक देऊन मोकळं केलं नाही. आपल्याकडे असं काही कुणी गावापुढे ठेवलं तर मी स्वतः ग्रामसभेत त्याच्या बाजूने बोलेन.

आणि सेझवर पोट बांधलं की कंपनी गेल्यावर काय होतं तेही बघा. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदुरला नोकियाचा मोठा कारखाना सेझमध्ये होता, २०१४ च्या नोव्हेंबरला बंद पडला, हजारो मुलंमुली एका फटक्यात घरी. पुढे काही वर्षांनी ती जागा दुसऱ्या कंपनीने घेतली, कारण चेन्नईचं बंदर जवळ, सुटे भाग करणारे आसपास, शिकलेले हात तयार. म्हणजे आसपासचा प्रदेश तयार असेल तर जागा पुन्हा भरते.

मला विचाराल तर कोकणासाठी जास्त शिकण्यासारखं उदाहरण हापूसचं आहे. हापूससाठी रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे मिळून कृषी निर्यात क्षेत्र जाहीर झालं होतं, त्यात कुणाचीही गुंठाभर जमीन घेतली नाही. पण २००७ ला अमेरिकेने आपला आंबा घ्यायला सुरुवात केली तेव्हा विकिरण, म्हणजे कीड जाऊ नये म्हणून आंब्यावर किरणांची प्रक्रिया, कुठे करायचं, तर लासलगावला! देवगड-रत्नागिरीचा आंबा घाट चढून नाशिक जिल्ह्यात, कांद्यासाठी बांधलेल्या केंद्रात, आणि मग परत मुंबईला विमानाला. नंतर वाशीत सोय झाली. असं एक केंद्र, दोन पॅकहाऊस, वेळेवर वीज आणि घाटात न तुटणारा रस्ता, एवढं जर तेव्हाच रत्नागिरीत झालं असतं तर किती पोरांना मे महिन्यात गावातच काम मिळालं असतं याचा विचार करा. काजूचंही तेच, मच्छीच्या बर्फाचंही तेच. सेझला माझा आंधळा विरोध नाही, पण त्याच्या भिंतीच्या बाहेरच्या गावाने आत काय विकायचं हे आधी कुणी सांगत नसेल तर तो गावाचा विकास नाही, गावाच्या जमिनीवरचा दुसऱ्याचा धंदा आहे.

प्रश्न : आमच्याकडे प्रकल्पाची चर्चा सुरू झाल्यापासून भाऊ हक्कसोडपत्रावर सही कर म्हणून मागे लागलेत. आई सांगते सही दे, माहेर तुटायला नको. मी काय करू? (अलिबाग तालुका)

ताई, आधी हे की तुम्हाला मुलगी म्हणून भावाइतकाच हक्क आहे, महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशात २००५ च्या दुरुस्तीपासून, आणि तुमचं लग्न झालेलं असल्याने तो जात नाही. मोबदल्याचा चेक सातबाऱ्यावरच्या नावाने निघतो, म्हणून प्रकल्पाचं वारं आलं की हक्कसोडाची घाई होते. एकदा नोंदणीकृत हक्कसोड झाला की तो मागे घेणं फार कठीण, कोर्टात वर्षं जातात.

माहेर तुटण्याची भीती खोटी नाही, मी ती घराघरात बघितलीये. म्हणून भांडू नका आणि सहीही करू नका. भावांना सांगा की वाटप होईल तेव्हा बसून ठरवू, मला माझ्या मुलांना विचारावं लागेल. वडील वारले असतील तर वारस नोंदीत तुमचं नाव लागलंय का ते तलाठ्याकडे फेरफार काढून बघा, ऑनलाइनही दिसतो. भावांपैकी कुणी खरोखर त्या जमिनीवर राबत असेल तर त्याला जास्त द्यायची तुमची इच्छा असू शकते, ती चांगली गोष्ट आहे, पण ती रक्कम ठरल्यावर लिहून द्या, कोऱ्या कागदावर प्रेमापोटी नको.

आणि घरातच आणखी कुणाकुणाचं पोट त्या जमिनीवर आहे तेही बघा. कुळ म्हणून नाव न लागलेला कुणी, वीटभट्टीवरून येऊन तुमच्या वाडीत राबणारं कातकरी कुटुंब, खाडीत पाग टाकणारा. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात संपादनाच्या आधी तीन वर्षं ज्यांची उपजीविका त्या जमिनीवर किंवा पाण्यावर होती तेही बाधित कुटुंब धरलेत, सातबाऱ्यावर नाव नसलं तरी. पण त्यांनी हे सांगायला पुढे यायला हवं आणि तुमच्यासारख्या शेजारणीने साक्ष द्यायला हवी.

प्रश्न : एक एजंट गावात फिरतोय, सांगतो मोठा सेझ येतोय, आता विसार घ्या नाहीतर सरकार फुकटात घेईल. खरं का? (राजापूर)

सरकार आता फुकटात घेऊ शकत नाही. २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे, ग्रामीण भागात मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जातो आणि खासगी कंपनीसाठी घ्यायची असेल तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. फक्त एमआयडीसी कायद्याने संपादन होत असेल तर संमतीची ही अट लागत नाही, मोबदला मात्र मिळतो, म्हणून नोटीस आली की पहिल्यांदा वर कोणत्या कायद्याचं नाव आहे ते वाचा.

एजंटला राजपत्रातली अधिसूचना दाखवायला सांगा, तारीख आणि गट नंबरसकट. ती नसेल तर त्याला फक्त स्वस्तात जमीन गोळा करायचीये. विसार घेऊ नका, साध्या स्टँप पेपरवर सही करू नका, मुखत्यारपत्र तर अजिबात नको. कुळकायद्याने मिळालेली जमीन असेल तर कलम ४३ ची अट सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ मध्ये बघून घ्या, ती मिळून दहा वर्षं झालेली नसतील तर परवानगीशिवाय विकता येत नाही, झालेली असली तरी आधी सरकारला नजराणा भरावा लागतो, आणि एजंट हे सांगणार नाही. आणि तो पुन्हा आला तर एकट्याच्या पडवीत बसवू नका, देवळात बसवा, चार माणसं बोलवा, त्याचं आधारकार्ड आणि कंपनीचं पत्र यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.